मामांचा डेक आणि माझं प्लायवूड

सोमवारची सकाळ. आमची साडेदहाची मीटिंग, ज्यात सगळे उभ्यानं ‘काल काय केलं, आज काय करणार’ हे सांगतात. माझा नंबर यायला दोन जण बाकी आणि फोनवर मामींचे तीन मिस्ड कॉल. आता, आमच्या मामी ऑफिसच्या वेळेत कधीच फोन करत नाहीत. त्यांच्या मते ऑफिस म्हणजे कोर्टासारखं काहीतरी असतं, मध्ये बोललं की साहेब ओरडतात. पोटात गोळाच आला. पॅसेजमध्ये येऊन फोन लावला, तर त्या म्हणाल्या, “बाई, तू ठोकून दिलेल्या फरीतून मामाचा पाय आत गेला. आता बरे आहेत. तुला सांगू नको म्हनत होते, पन मी सांगून राहिली.”

फरी म्हणजे फळी. आमच्या झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होतो. आणि ‘तू ठोकून दिलेली’ म्हणजे, बॉस, खरंच मीच ठोकून दिलेली.

थोडा फ्लॅशबॅक. माझं आजोळ ढिवरांचं. वैनगंगेचं पाणी, मासे आणि डोंगा यांच्यावर आजोबांपर्यंतच्या पिढ्या जगल्या. बाबा नोकरीला लागून नागपूरला आले, मी पुण्यात आयटीत. त्यामुळे माझा पाण्याशी संबंध म्हणजे सोसायटीत येणारा टँकर आणि जिममधलं रोइंग मशीन. मामा मात्र अजूनही भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, गोसेखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीत राहतात. गोसेखुर्द म्हणजे वैनगंगेवरचं ते ३३ दरवाजांचं धरण. पावसाळ्यात ‘इतके दरवाजे उघडले’ अशी बातमी येते ना, तेच. १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. पुढे धरण झालं, पाणी अडलं आणि मामांचं जुनं गाव त्या पाण्याखाली गेलं. मामा आता त्याच पाण्यात रोहू आणि कतला पकडतात. यावर त्यांना कधी भावुक होताना मी पाहिलं नाही. “गाव गेलं तिथं मासा आला,” एवढंच म्हणतात.

मामांची नाव फळ्यांची, लाकडी. तिच्या पुढच्या टोकाला आडव्या लाकडांवर बसवलेल्या फळ्यांचा एक छोटा ओटा आहे. मी त्याला स्टाइलमध्ये डेक म्हणते, मामा नुसतं ‘फऱ्या’ म्हणतात. आपल्या टू बीएचके फ्लॅटच्या बाल्कनीपेक्षाही लहान जागा. पण मामांचं अख्खं ऑफिस तिथंच. तिथं अनवाणी उभं राहायचं, जाळ्याची दोरी डाव्या मनगटाला गुंतवायची, कमरेतून एक वळसा घेऊन जाळं असं फेकायचं की हवेत त्याची गोल छत्री झाली पाहिजे. तो वळसा घेताना अंगाचा सगळा भार पुढच्या पायावर येतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला गेले तेव्हा माझा बोनस नुकताच झाला होता आणि डोक्यात ‘मेकओव्हर’चं वारं होतं. फळ्या दिसत होत्या भयंकर. करड्या पडलेल्या, खरखरीत, एक-दोन ठिकाणी चिरा गेलेल्या. मी म्हटलं, मामा, टेन्शन घेऊ नका, दोन दिवसांत डेक नवा करून देते. नागपूरहून प्लायवूडची शीट आणली. दुकानदार म्हणाला, ‘वॉटरप्रूफ आहे मॅडम.’ मीही विचारलं नाही की किती वॉटर आणि किती प्रूफ. फळ्यांच्या वरून शीट ठेवली, चारी बाजूंनी लोखंडी स्क्रू मारले, वर निळ्या ऑइल पेंटचे दोन हात. काय सही दिसत होतं! मी त्यावर मांडी घालून बसले, मागे वैनगंगेचा सूर्यास्त, फोटोला दोनशेच्या वर लाइक्स. मामा कडेला उभे राहून नुसते हसत होते. त्यांना तेव्हाच कळलं असणार. पण भाचीनं हौसेनं केलंय, तिला कसं दुखवायचं? आपल्याकडे मामा लोकांचा हा मोठाच प्रॉब्लेम आहे.

आणि आता हा फोन. संध्याकाळची वेळ, नाव काठापासून बरीच आत, मागे वल्ह्यावर मामेभाऊ. मामांनी जाळं फेकलं, भार पुढच्या पायावर आला आणि प्लायवूड, त्याखालची फळी, सगळं एकदम फुटून पाय गुडघ्यापर्यंत आत. तुटलेल्या फळीनं नडगी फाडली. पण खरी भीती पायाची नव्हती. जाळं पाण्यात उतरत होतं, त्याच्या घेराला शिशाचे मणी, आणि दोरी मनगटाला. एक पाय अडकलेला आणि एक हात पाण्याकडे ओढला जातोय. मामेभाऊ पुढे धावला असता तर नाव एका टोकाला झुकली असती. मामा पोटावर पडून राहिले आणि उजव्या हातानं मनगटाचा फास मोकळा केला. जाळं गेलं. मामा राहिले. तालुक्याच्या दवाखान्यात सहा टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

मीटिंगमध्ये परत गेले, तर लीड म्हणाला, ‘युवर टर्न.’ मी म्हटलं, मला चार दिवस सुट्टी हवीय.

मे महिना. भंडाऱ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास. नाव काठावर ओढून आंब्याखाली उपडी न घालता सरळ टेकवून ठेवलेली. मामा खाटेवर, पायाला पट्टी. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “आधी खाऊन घे. मग उघडू.” जेवणानंतर वाढई आले. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. सत्तरीचे, हातात वाकस, कानावर पेन्सिल, खिशात एक जुना स्क्रू-ड्रायव्हर. त्यांनी माझ्या निळ्या डेककडे पाहिलं आणि विचारलं, “हे कोनं केलं?” मामा म्हणाले, “पुन्याच्या इंजिनीअरनं.” पुढची पाच मिनिटं मी आंब्याच्या झाडाकडे बघत होते.

शीट उचकटली. उचकटली कसली, पुस्तकाची पानं सुटावीत तशी ती थर-थर सुटून आली. खाली जे दिसलं ते मी विसरणार नाही. ज्या फळ्या मी ‘खराब’ म्हणून झाकल्या होत्या, त्या तीन वर्षांपूर्वी फक्त वरून करड्या होत्या. आता त्या आतून गेल्या होत्या. तपकिरी, चौकोनी भेगा पडलेलं, बोटानं चुरगाळलं की रव्यासारखं सांडणारं लाकूड. माझ्या स्क्रूंच्या भोवती काळे डाग, आणि स्क्रू झिजून खिळ्यासारखे बारीक.

वाढईकाकांनी मग माझी शाळा घेतली. या वयात एवढ्या सोप्या भाषेत मला कुणी काही शिकवलं नव्हतं, म्हणून जसं कळलं तसं सांगते.

फंडा पहिला : लाकूड पाण्यानं सडत नाही, ते बुरशीनं सडतं. त्या बुरशीला चार गोष्टी लागतात. ओलावा, हवा, ऊब आणि खायला लाकूड. यातली एक जरी काढून घेतली तरी तिचा खेळ खल्लास. म्हणून कायम पाण्यात बुडालेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्याला हवा मिळत नाही. आणि घरातली कोरडी तुळई टिकते, कारण तिला ओलावा मिळत नाही. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही, असं शास्त्र सांगतं. धोका असतो तो मधल्या जागेला. भिजते, पण बुडत नाही. हवा लागते, पण वाळत नाही. डेक म्हणजे नेमकी तीच जागा. त्यामुळे नाव खालून नदीच्या पाण्यात असते तरी डेकची वाट लावतं ते वरून साचलेलं पावसाचं पाणी.

आणि मी काय केलं होतं? प्लायवूडच्या कडेतून आत गेलेलं पाणी वाळायला जागाच ठेवली नव्हती. वर पेंटचं झाकण, खाली जुनं लाकूड, मध्ये ओलावा, हवा आणि विदर्भाची ऊब. बुरशीसाठी पीजी अकोमोडेशन, विथ मील्स.

नंतर मी वाचलं की प्लायवूडवरही आयएस नंबर असतो. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं, आयएस ७१० म्हणजे मरीन. मरीनचा गोंद उकळत्या पाण्यातही सुटत नाही. मी आणलेल्या शीटवर कोणता नंबर होता हे मी पाहिलंच नव्हतं. पण खरं सांगू? मरीन प्लाय असतं तरी त्याच्या खाली पाणी तसंच कोंडलं असतं. माल स्वस्त आणला ही चूक दुसरी. न उघडता झाकलं, ही पहिली.

फंडा दुसरा : करडं म्हणजे सडकं नव्हे. उन्हानं लाकडाचा वरचा पापुद्रा करडा पडतो, खरखरीत होतो. रंधा मारा, कागदाच्या दोन-चार घड्यांएवढं काढा, आत फळी नवीच्या नवी. सडलंय की नाही हे डोळ्यांनी नाही, टोचून आणि ठोकून बघायचं. काका प्रत्येक फळीवर हातोड्याची मूठ आपटत होते. चांगलं लाकूड ‘ठण्ण’ करतं, सडकं ‘भद’ करतं. मग संशय आला तिथं स्क्रू-ड्रायव्हर टोचायचा. चांगल्या लाकडात तो टोकापुरता जातो आणि काढताना लांब तुसं निघतात. सडक्यात लोण्यासारखा शिरतो आणि भुगा निघतो. सगळ्यात आधी कुठं बघायचं? फळीची टोकं, खिळ्यांच्या जागा आणि फळी जिथं खालच्या आडव्या लाकडावर टेकते ती जागा. टोकाकडून लाकूड स्ट्रॉसारखं पाणी ओढतं.

फंडा तिसरा, आणि हाच मोठा प्रश्न : दुरुस्त करायचं की बदलायचं? काकांचा नियम सरळ. एखाद्या फळीचं टोक गेलं असेल, तर सडलेल्या भागाच्या पुढे चांगल्या लाकडात हातभर आत जाऊन कापायचं आणि नवा तुकडा जोडायचा. जोड मात्र आडव्या लाकडावरच आला पाहिजे, अधांतरी नाही. शेजारशेजारच्या फळ्यांचे जोड एका रेषेत यायला नकोत. पण खालची आडवी लाकडंच गेली असतील, तर वरच्या फळ्या कितीही चांगल्या असोत, सगळं उघडून खालपासून करायचं. वर चांगलं दिसतंय म्हणून खालचं ठेवलं, तर तुम्ही डेक नाही, सापळा बनवताय.

आमच्या नावेत नऊ फळ्या होत्या. त्यातल्या दोन वाचल्या. चारपैकी तीन आडवी लाकडं बाद. म्हणजे डेक नवा.

आता मी लगेच पुणेरी हुशारी काढली. म्हटलं, मामा, फायबरची नाव घेऊ या ना, मी ईएमआयवर घेते. फायबर सडत नाही, हलकी असते, तलावा-धरणांवर खूप जण तिकडे वळलेत. ज्यांना तेही जमत नाही ते थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. मामांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, “घेऊ. पुढच्या साली हिशोब करू. पन हिचा आंग अजून चांगला आहे. पाटीवरचं घमेलं फुटलं म्हनून मानूस बदलत नाही.” काकांनी बाकीची नाव टोचून पाहिली होतीच. तळ ठणठणीत, कारण तो कायम भिजलेला आणि वर डांबर. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला तो मोठा पूर आला होता आणि भंडारा शहरासकट काठची गावं पाण्यात गेली होती. तेव्हा याच नावेतून मामांनी शेजारच्या वस्तीतली म्हातारी माणसं काढली होती. तेव्हा त्या फळ्यांवर एका वेळी आठ-आठ माणसं उभी होती. माझा ‘मेकओव्हर’ त्या पुराच्या आधी झाला असता तर? हा विचार मी त्या रात्री गच्चीवर झोपताना केला आणि झोप उडाली ती उडालीच.

मग प्रश्न लाकडाचा. सागवान हवं. सागात नैसर्गिक तेल असतं, ते बुरशीला आणि वाळवीला नकोसं वाटतं. शिवाय ते ओलं-कोरडं होताना फार फुगत-आकसत नाही. आपल्या पूर्व विदर्भाचं सागवान म्हणजे कसलं भारी प्रकरण आहे माहितेय? २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहूनच. आणि सागाचा जुना पराक्रम ऐकायचा तर मुंबईच्या गोदीत जा. इंग्रजांचं क्वीन शार्लट नावाचं प्रचंड लढाऊ जहाज १८१० मध्ये त्यांच्याच देशात पाण्यात उतरलं आणि पहिल्या सफरीला निघायच्या आधीच सडलं, एवढं की पुन्हा बांधावं लागलं. उलट वाडियांनी मुंबईत सागवानी बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षं! अर्थात त्याचीही दुरुस्ती झालीच, कैक वर्षं चालली. सागालाही माणूस लागतोच.

पण चांगलं, वाळलेलं सागवान चार दिवसांत आणायचं कुठून? आणि भाव ऐकून माझा ईएमआय लाजेल. काका काही बोलले नाहीत. ते घराच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. तिथं, ताडपत्रीखाली, भिंतीला टेकून एक दार उभं होतं.

ते दार जुन्या घराचं. गाव उठलं तेव्हा लोकांनी घरं उतरवून काढली. कौलं, वासे, चौकटी, जे नेता आलं ते बैलगाडीत घालून नेलं. मामींनी चौकटीसकट ते दार आणलं. नवं घर नीट बांधू तेव्हा बसवू म्हणून. नवं घर बांधलं, त्याला लोखंडी दार लागलं, आणि हे मागच्या भिंतीला राहिलं. दर पावसाळ्याआधी मामी त्याच्यावरची ताडपत्री बदलतात. पंधरा-एक वर्षं झाली. लहानपणी त्या दाराच्या कडीला लोंबकळल्याचं मलाही आठवतं.

मी तर म्हटलं, नको, ते नको, आपण नागपूरला बघू. मामा गप्प. मामींनी चहाचे कप ठेवले, ताडपत्री ओढून काढली आणि काकांना म्हणाल्या, “टोचून पाहा.” काकांनी ठोकलं. ठण्ण. टोचलं, स्क्रू-ड्रायव्हर जेमतेम टेकला. मामी म्हणाल्या, “दार कोनासाठी ठेवतेत? घरच्या मानसासाठीच ना? मग मानूस पान्यात पडून राहिला आन दार भिंतीला टेकून, हे कसं चालंल?”

तिथं विषय संपला. नाही, संपला नाही. एक अट होती. उंबरठा कापायचा नाही. का, तर उंबरठ्यावर पाय देत नाहीत, मग त्याचा डेक कसा करणार? आणि वरची गणेशपट्टीही नाही. काकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून त्या दोन लाकडांवर आधीच फुली मारलेली होती.

चौकटीच्या उभ्या बाजूंची तीन आडवी लाकडं झाली. कवाडाच्या फळ्या लांबीला पुरल्या, सात नव्या जागी सात. जुन्या दोन वाचलेल्या फळ्या रंधा मारून कडेला बसवल्या. पंधरा वर्षं सावलीत वाळलेलं लाकूड, काका म्हणाले, असं डेपोत मागून मिळत नाही.

या वेळी मी मजूर होते, इंजिनीअर नाही. त्यामुळे बरंच शिकले. उन्हाळ्यात लाकूड पूर्ण आकसलेलं असतं, पावसाळ्यात ते आडवं फुगतं. लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाही. म्हणून फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकायच्या नाहीत. दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होते तेवढी फट प्रत्येकीत ठेवायची. काका खिशातली नाणी फटीत घालूनच बसवत होते. फटीतून पाणी खाली जातं, हवा वर येते. शिवाय पूर्ण डेकला बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे पाणी थांबणारच नाही. मी तीन वर्षांपूर्वी ज्या फटी ‘गॅप भरायला हवेत’ म्हणून बुजवल्या होत्या, तो गॅप म्हणजेच डेकचा श्वास होता.

स्क्रूसाठी आधी भोक पाडायचं, नाहीतर जुनं सागवान टोकाला तडकतं. आणि स्क्रू पितळेचे. लोखंडाला गंज चढला की त्याच्याभोवतीचं लाकूडही काळं पडून कमजोर होतं. गंमत बघा, भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, पण मला पितळी स्क्रू घ्यायला नागपूरला इतवारीत जावं लागलं. सगळ्या कापलेल्या टोकांना बसवण्याआधीच तेल पाजायचं, कारण बसवल्यावर ती टोकं हाताला येत नाहीत. तेल जवसाचं, आमच्याकडे धानाच्या बांधीत जवस पिढ्यान्‌पिढ्या घेतात. वरून पेंट अजिबात नाही, डांबरही नाही. पेंटवर ओला पाय घसरतो आणि उन्हात तापलेल्या डांबरावर अनवाणी उभं कोण राहणार? नुसतं तेल, पातळ, चोळून, जास्तीचं पुसून. आणि एक डेंजर गोष्ट, जी मला माहीतच नव्हती. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळ्याचा ढीग आपोआप पेटू शकतो. एकेक फडकं उलगडून बाहेर वाळवायचं किंवा पाण्यात बुडवायचं. तुमच्या घरी बाल्कनीत लाकडी डेकिंग असेल आणि वीकएंडला हौसेनं तेल मारणार असाल, तर एवढं वाक्य कापून फ्रिजवर लावा.

बाल्कनीचा विषय निघालाच आहे तर हेही. पावसाळ्यापूर्वी एकदा फळ्या उचलून खाली बघा. कुंड्यांच्या खालची जागा आधी. पाणी साचतंय का, फटीत पानं-माती अडकलीय का? स्क्रू-ड्रायव्हर टोचा. करडं दिसलं तर घाबरू नका, मऊ लागलं तर झाकू नका. वरून गवताचं हिरवं कार्पेट टाकायचा मोह तर प्लीज आवरा. मी तुमच्या आधी तो मोह प्लायवूडमध्ये केलेला आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नाव पाण्यात ढकलली. उन्हानं आकसलेल्या तळातून थोडं पाणी आत आलं, मी ओरडले, सगळे हसले. लाकूड फुगलं की फटी मिटतात, दुसऱ्या दिवशी बंद होईल, म्हणाले. झालंही तसंच. मामांच्या पायाला पट्टी होती म्हणून त्यांनी जाळं फेकलं नाही. मामेभावाचा हात धरून पुढे गेले, चप्पल काढली, फळीवर उभे राहिले आणि टाच दोनदा आपटली. ठण्ण, ठण्ण. मग बराच वेळ नुसते उभे होते. आम्ही काठावर. मामींनी विचारलं, “कसं हाय?” ते म्हणाले, “घरातच उभा आहो.”

मी जाताना दोन लाइफ जॅकेट ठेवून आले. मामांनी एक खुंटीला अडकवलं आणि दुसरं नावेत ठेवलं. पन्नास टक्के सक्सेस. आणि हो, मनगटाची दोरी आता ते ओढताच सुटेल अशा गाठीनं गुंतवतात. जुन्या नोकरीत नवा प्रोसेस आणणं किती अवघड असतं हे तुम्हाला सांगायला नकोच.

पुण्यात परत आल्यावर सोमवारच्या मीटिंगमध्ये लीडनं विचारलं, ‘सो, व्हॉट डिड यू डू?’ मी म्हटलं, एक डेक उघडला. आणि आपल्या त्या रिपोर्टच्या मॉड्यूलमध्ये मी मार्चमध्ये वरून एक पॅच मारला होता, तोही आज उघडतेय. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जुलैमध्ये एका दुपारी, भर ऑफिसच्या वेळेत, पुन्हा मामींचा फोन. पोटात पुन्हा तोच गोळा. धावत पॅसेजमध्ये गेले. “मामी, काय झालं?”

“काई नाई वं बाई. रातभर पानी पडलं. सकाळी थांबलं. मामा दोनदा जाऊन पाहून आले. म्हने तिले फोन लाव आन सांग, घंट्याभरात फऱ्या कोरड्या झाल्या.”